कोवळ्या वयातला संधिवात आणि पुण्याची सकाळची गाडी

सोलापूरहून पुण्याला निघणारी हुतात्मा एक्स्प्रेस सकाळी साडेसहाच्या सुमारास फलाट सोडते. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या कारागृहात फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांची आठवण या नावात आहे. २००१ साली ही गाडी सुरू झाली आणि शिक्षण, नोकरी, मुलाखत, दवाखाना अशा नाना कारणांनी पुण्याला जाणाऱ्या सोलापूरकरांना पहाटे पाचच्या गजराची सवय झाली. सकाळी जावे, कामे उरकावीत आणि रात्री घरी जेवायला परत यावे, इतकी सोयीची दुसरी गाडी नाही. मात्र ज्या विशी-पंचविशीतल्या मुलामुलींना संधिवात आहे, त्यांच्यासाठी नेमकी हीच वेळ चोवीस तासांतली सर्वांत कठीण असते. हे विधान कोणाला विचित्र वाटेल, म्हणून त्यामागचे कारण आधी पाहू.

संधिवाताचे शंभराहून अधिक प्रकार वैद्यकशास्त्राला ज्ञात आहेत. ढोबळमानाने त्यांची दोन घराणी करता येतात. एक झिजेचे, जे आपण आजी-आजोबांच्या गुडघ्यांत पाहतो. दुसरे दाहाचे. तरुणांमध्ये आढळतो तो बहुतांशी हा दुसरा प्रकार. यात शरीराची संरक्षक यंत्रणाच गोंधळते आणि परका समजून आपल्याच सांध्यांच्या आतील नाजूक अस्तरावर हल्ला करते. अस्तर सुजते, सांध्यात पाणी साठते आणि वेळीच आवर घातला नाही तर कूर्चा व हाडही पोखरले जाते. दाह वाढविणारी रसायने रक्तात मध्यरात्रीनंतर चढू लागतात. त्यांना लगाम घालणारे कॉर्टिसॉल हे शरीराचे स्वतःचे संप्रेरक मात्र पहाटेच्या सुमारास वाढते आणि या रुग्णांत ते अनेकदा पुरे पडत नाही. त्यातच रात्रभर अंग निश्चल असते. परिणामी सकाळी उठल्यावर सांधे जणू गंज चढल्यासारखे होतात. मूठ वळत नाही, दात घासायचा ब्रश बोटांत ठरत नाही, सदऱ्याची बटणे लावायला आईला हाक मारावी लागते. हा ताठरपणा अर्धा तास, एक तास, कधी त्याहूनही अधिक टिकतो. नऊ-दहाच्या सुमारास तीच मुलगी चटपटीत चालू लागते आणि तिला दहा वाजता पाहणाऱ्यांना वाटते, हिला झाले आहे तरी काय?

आमवात, म्हणजे डॉक्टर ज्याला रूमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो, सहसा तिशी ते पन्नाशीत सुरू होतो. पण विशीतही गाठतो आणि स्त्रियांना अधिक गाठतो. अँकायलोझिंग स्पाँडिलायटिस हा मणक्यांचा व कटिसांध्यांचा दाह बहुधा ऐन तारुण्यात डोके वर काढतो. सोळा वर्षांच्या आत सुरू होऊन सहा आठवड्यांहून अधिक काळ टिकलेल्या आणि दुसरे कारण न सापडलेल्या सांधेदाहाला बालसंधिवात म्हणतात. पुढे ही मुले मोठी होतात, महाविद्यालयात जातात, नोकरी शोधतात. त्यांतील अनेकांची दुखणीही त्यांच्याबरोबर येतात. २००६ साली महाराष्ट्रात चिकुनगुन्याची साथ आली तेव्हा महिनोन् महिने सांधे धरून बसलेली तरुण माणसे घरोघर दिसली होती. ती बहुतेक पुढे बरी झाली. त्यामुळे 'अशी दुखणी जातात हो आपोआप' असाही एक समज मागे राहिला, आणि खऱ्या संधिवाताच्या रुग्णाला तो महाग पडतो.

महाग अशासाठी, की या आजारात सुरुवातीचे महिने निर्णायक असतात. सांध्यांची कायमची हानी पुष्कळदा पहिल्या दोन वर्षांतच होते. त्या काळात योग्य औषधे सुरू झाली आणि नियमित तपासण्या होत राहिल्या, तर आजही अनेक रुग्ण जवळजवळ निर्धोक आयुष्य जगतात. आता अडचण अशी की संधिवाततज्ज्ञ देशभरातच थोडे आहेत आणि जे आहेत ते मोठ्या शहरांत एकवटले आहेत. सोलापूर जिल्ह्यातील अनेक कुटुंबे त्यासाठी पुणे, मुंबई नाहीतर हैदराबाद गाठतात. म्हणजे येथील रुग्णासाठी प्रवास हा उपचाराचाच भाग झाला. प्रवास झेपत नाही म्हणून एक फेरी चुकते, मग दुसरी चुकते. रक्ततपासणी राहते, गोळ्यांचा डोस तोच राहतो आणि वर्षभराने बोटे वाकडी होऊ लागतात. नोकरीचेही तेच. पुण्यातल्या नोकरीचे पत्र हाती असताना 'जाणे-येणे जमायचे नाही' म्हणून घरी बसलेली मुले या शहरात नाहीत असे कोणी समजू नये.

भिगवणचा दाखला

पुण्याच्या वाटेवर भिगवण लागते. उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, त्यांच्यामुळे हे गाव सर्वांना ठाऊक आहे. संधिवाताच्या अभ्यासकांना मात्र ते वेगळ्याच कारणाने, आणि जगभर, ठाऊक आहे. १९९६ साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या पाठबळाने चालणाऱ्या 'कॉपकॉर्ड' या उपक्रमाखाली भिगवणमध्ये घरोघर जाऊन पाहणी सुरू केली. एकूण ४,०९२ प्रौढ व्यक्तींची विचारपूस झाली. सुमारे १८ टक्के लोकांना हाडे, सांधे वा स्नायूंचे दुखणे होते आणि आमवाताचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघाले. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. परंतु २०११ च्या जनगणनेनुसार ४३ लाखांहून अधिक वस्तीच्या आपल्या जिल्ह्याला हेच प्रमाण ढोबळमानाने लावून पाहा. एकट्या आमवाताचेच प्रौढ रुग्ण दहा हजारांच्या पुढे जातात. मणक्याचा दाह आणि लहान मुलांचा संधिवात त्यात धरलेलाच नाही.

भिगवणच्या पाहणीत डॉक्टर गावात गेले, रुग्णाला गाव सोडावे लागले नाही. ती सोय रोजच्या उपचारांत क्वचितच मिळते. तरी एक मार्ग अलीकडे खुला झाला आहे. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि व्हिडिओवरून सल्ला देण्याला रीतसर चौकट मिळाली. आजार आटोक्यात असेल तर दर दोन फेऱ्यांपैकी एक अशा रीतीने भागविता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना निःसंकोचपणे विचारावे. रक्त सोलापुरात तपासून अहवाल पाठविता येतो. सांधे प्रत्यक्ष दाबून पाहण्याची गरज मात्र फोनवर भागत नाही, हे ध्यानात ठेवावे.

खिडकी नव्हे, कडेची जागा

प्रवास ठरला की घरातले पहिला प्रश्न विचारतात, 'किती किलोमीटर?' पुणे अडीचशे, तुळजापूर पंचेचाळीस. संधिवाताच्या रुग्णाने विचारायचा प्रश्न वेगळा आहे: सलग किती वेळ एकाच स्थितीत बसावे लागेल? दाहाच्या संधिवातात सांधा हलता राहिला की सैल होतो आणि स्थिर राहिला की आखडतो. पंचेचाळीस किलोमीटर वडापच्या जीपमध्ये मागल्या बाकावर गुडघे दुमडून केलेला प्रवास अडीचशे किलोमीटरच्या रेल्वेप्रवासापेक्षा अधिक दुखवू शकतो. म्हणून वाहन निवडताना पहिली पसंती रेल्वेला. तिथे उठता येते, चार पावले टाकता येतात, पाय लांब करता येतात.

आरक्षण करताना खिडकीचा मोह आवरावा आणि मधल्या वाटेकडेची जागा मागावी. दर अर्ध्या-पाऊण तासाने शेजाऱ्यांचे गुडघे न ओलांडता उठता आले पाहिजे. कुर्डुवाडी आली की डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फेरी, दौंड आले की दुसरी. बसल्या बसल्याही पुष्कळ करता येते. घोटे गोल फिरवावेत, एकेक गुडघा सरळ करून पाच आकडे मोजेपर्यंत धरावा, मुठी मिटाव्यात-उघडाव्यात, खांदे मागे फिरवावेत. शेजारचा माणूस पाहील म्हणून संकोच वाटतो खरा, पण तो दौंडपर्यंत पेंगुळलेलाच असतो. मणक्याच्या दाहाच्या रुग्णाने डब्याच्या भिंतीला टाच, पाठ आणि डोके टेकून दोन-तीन मिनिटे ताठ उभे राहावे आणि छाती फुगवून दीर्घ श्वास घ्यावेत. हे उघड्या दारापासून दूर, आतल्या बाजूला.

सकाळचीच गाडी धरणे भाग असेल तर गजर आणखी पाऊण तास आधीचा लावावा. कटकटीचे वाटते, पण तो पाऊण तास अंथरुणातच हातपाय हळूहळू हलविण्यासाठी आणि कढत पाण्याच्या अंघोळीसाठी हवा. सामान रात्रीच भरून दाराशी ठेवावे, बूट वा चप्पल बिनबंदाची असावी. वेदनाशामक गोळी रात्री कधी आणि सकाळी कधी घ्यावी, याचा प्रवासापुरता वेगळा बेत डॉक्टर आखून देऊ शकतात. जमत असेल तर आदल्या दुपारी निघून पुण्यात नातेवाइकांकडे मुक्काम करावा, हे सर्वांत बरे. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झालेली मुंबईची वंदे भारतही सोलापुरातून सकाळीच निघते, तेव्हा वेग वाढला तरी हा पेच सुटलेला नाही. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला जाणाऱ्यांना झोप मिळते, पण गाडीतून उतरण्याची वेळ नेमकी ताठरपणाचीच येते. अशा वेळी मुंबई येण्याआधी निदान तासभर जागे होऊन हालचाल सुरू करावी.

रात्रीच्या गाडीत बर्थचा प्रश्न येतो. ज्येष्ठ नागरिकांना आणि ४५ वर्षांवरील स्त्रियांना खालचा बर्थ देण्याची सोय रेल्वेच्या आरक्षण-प्रणालीत आहे. बावीस वर्षांच्या मुलाला यंत्र खुशाल वरचा बर्थ देते, आणि सुजलेल्या मनगटांनी त्या लोखंडी शिडीला लोंबकळणे काय असते ते त्यालाच ठाऊक. आरक्षण करतानाच खालचा बर्थ मिळाला तरच तिकीट काढण्याचा पर्याय निवडावा. तो न मिळाल्यास गाडी सुटल्यावर तिकीट तपासनीसाला रिकाम्या बर्थबद्दल विचारावे. सहप्रवाशाला विनंती करायची तर ती आजोबांना न करता धडधाकट माणसाला करावी, एवढे तारतम्य हवे.

एसटीने जायचे असल्यास पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली जागा घ्यावी. मागच्या चाकावरच्या वा त्यामागच्या बाकावर प्रत्येक खड्डा कमरेत मोजला जातो. खासगी स्लीपर गाडीत आडवे होता येते हे खरे, पण गाडी मनासारखी थांबत नाही आणि वरच्या कप्प्यात धड बसताही येत नाही. दुचाकीवरून लांबचा प्रवास शक्यतो टाळावा: क्लच दाबून दाबून बोटे सुजतात आणि गतिरोधकांचा हिशेब मणका ठेवतो. मोटारीने जाणाऱ्यांनी टेंभुर्णी, इंदापूर अशी थांब्यांची गावे आधीच ठरवून टाकावीत. 'आता एकदम पुण्यातच चहा' हा चालकाचा उत्साह संधिवाताच्या रुग्णाला परवडणारा नसतो.

पाठीच्या आधाराला महागड्या उशा मिळतात. आपल्या घरातली सोलापुरी चादर घडी करून कमरेमागे ठेवली तर ते काम तितकेच चांगले होते, आणि वातानुकूलित डब्यात गारठा वाढला की गुडघ्यांवर घेता येते. सामान हातात लोंबकळणाऱ्या पिशवीऐवजी दोन्ही खांद्यांवर घेता येईल अशा सॅकमध्ये किंवा चाकांच्या बॅगेत भरावे. बोटांनी वजन उचलण्यापेक्षा मोठ्या सांध्यांवर भार टाकणे केव्हाही श्रेयस्कर. पाण्याची बाटली घट्ट फिरकीच्या झाकणाऐवजी नळीची किंवा दाबून उघडणारी घ्यावी. डब्यातही थोडा विचार हवा. काहींचा जबड्याचा सांधाही सुजतो. त्यांनी आपली लाडकी कडक भाकरी घरासाठी ठेवावी आणि वाटेत मऊ भाकरीवर शेंगाचटणी घालून न्यावी.

पाणी न पिण्याचा घातक उपाय

एका गोष्टीविषयी मुली सहसा बोलत नाहीत, म्हणून येथे मोकळेपणाने लिहिले पाहिजे. गुडघे आणि घोटे सुजलेले असताना भारतीय पद्धतीच्या शौचकूपावर उकिडवे बसणे अशक्यप्राय होते. बसले तरी उठणे त्याहून कठीण, तेही हलत्या गाडीत आणि ओल्या फरशीवर. एसटी थांब्यांवरील स्वच्छतागृहांविषयी काय सांगावे! यावर मुलींनी आपल्यापुरता शोधलेला उपाय म्हणजे आदल्या रात्रीपासून पाणीच न पिणे. हा उपाय दुखण्यापेक्षा भयंकर आहे. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. शरीरात पाणी कमी, त्यात वेदनाशामक गोळ्या, म्हणजे मूत्रपिंडांवर दुहेरी आघात. आमवातावर सर्रास वापरले जाणारे मेथोट्रेक्सेट हे औषध मूत्रपिंडांवाटेच बाहेर पडते. मूत्रपिंडे मंदावली तर ते शरीरात साचून विषासारखे वागू शकते.

तेव्हा पाणी प्यायचेच, पण घोटघोट आणि बेत आखून. अनेक रेल्वेडब्यांत एखादे पाश्चात्त्य पद्धतीचे स्वच्छतागृह असते. जागेवर बसताच ते कोणत्या टोकाला आहे हे पाहून ठेवावे. रस्त्याने जाताना तसे स्वच्छतागृह असलेली दोन-तीन हॉटेले हेरून ठेवावीत, चहाचे दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. घडीचे हलके आसन बाजारात मिळते. मोटारीने जाणाऱ्या कुटुंबाने ते डिकीत टाकावे. उठताना आधार म्हणून एक भक्कम काठी असावी. काठी म्हटले की तरुण मुले नाक मुरडतात, हेही मान्य. गिर्यारोहकांची घडीची काठी मिळते, तिला कोणी म्हातारपणाची खूण समजत नाही.

औषधांची पिशवी

औषधे नेहमी हातातल्या पिशवीत ठेवावीत. बसच्या टपावर, डिकीत वा विमानाच्या सामानात टाकू नयेत. ठरलेल्या दिवसांपेक्षा चार दिवसांचा साठा जास्त घ्यावा. डॉक्टरांच्या चिठ्ठीचे छायाचित्र मोबाईलमध्ये असावे आणि त्यात औषधाचे मूळ नाव दिसावे, कारण कंपनीगणिक नावे बदलतात.

मेथोट्रेक्सेटविषयी एक धोका अधोरेखित केलाच पाहिजे. संधिवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायची असते. रोज घेतल्यास तोंडात फोड येण्यापासून रक्तपेशी घटून जीव जाण्यापर्यंत अनर्थ होतात, आणि असे प्रकार घडलेले आहेत. घरची घडी विस्कटली, वेगळ्या गावी मुक्काम पडला की अशा चुका होतात. म्हणून वार पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहावा. ही गोळी घेतल्यावर अनेकांना दुसऱ्या दिवशी मळमळते. प्रवास त्याच दिवशी येत असेल तर वार पुढेमागे करता येईल का, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. ज्यांना दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू आहेत त्यांनी 'दोन दिवस विसरलो तर काय बिघडते' असे म्हणू नये. त्या अचानक बंद करणे धोक्याचे असते.

अलीकडे काही रुग्णांना जैविक इंजेक्शने दिली जातात. ती २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागतात, आणि मे महिन्यात बंद मोटारीत ठेवलेली पिशवी काय तापमानाला जाते हे सोलापूरकराला सांगायला नको. थर्माससारख्या पिशवीत बर्फाच्या पाकिटांसह ती न्यावीत. मात्र इंजेक्शन आणि बर्फ यांमध्ये कापडाची घडी हवी. इंजेक्शन गोठले की ते वाया गेले, मग ते वितळवूनही उपयोग नाही. मुक्कामाच्या ठिकाणी फ्रिजमध्ये ठेवतानाही बर्फाच्या कप्प्यापासून दूर ठेवावे. काही इंजेक्शने २५ अंशांपर्यंत ठरावीक दिवस बाहेर टिकतात, पण हे प्रत्येकाचे वेगळे असते. सोबतच्या पत्रकात ते दिलेले असते. शक्य असेल तर इंजेक्शनचा दिवस प्रवासाच्या आधी किंवा नंतर येईल असे पाहावे, म्हणजे ही सारी यातायातच वाचते. विमानाने जाणाऱ्यांनी ती हातातल्या सामानात, डॉक्टरांच्या पत्रासह न्यावीत.

ही औषधे प्रतिकारशक्तीला आवर घालतात, त्यामुळे जंतुसंसर्ग चटकन होऊ शकतो. उघड्यावरची चटणी, उसाचा रस, बर्फाचा गोळा यांचा मोह टाळावा. ताप आला तर अंगावर काढू नये. आपण कोणती औषधे घेतो हे जवळच्या डॉक्टरांना आधी सांगावे. नोकरीनिमित्त आफ्रिकेतील काही देशांत जाणाऱ्यांना पीतज्वराची लस सक्तीची असते. ती जिवंत जंतूंची लस आहे आणि अशा अनेक औषधांबरोबर ती चालत नाही, म्हणून तिकीट काढण्यापूर्वीच तज्ज्ञांशी बोलावे. आणि यात्रेच्या गावी मिळणाऱ्या 'वाताच्या पुड्या' कितीही गुणकारी म्हणून दिल्या तरी घेऊ नयेत. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे वेळोवेळी आढळले आहे. त्यांनी चार दिवस चमत्कार वाटतो, पुढचे निस्तरायला वर्ष जाते.

न दिसणारे दुखणे

समजा, सातरस्त्यावरून एक कॉलेजची मुलगी गर्दीच्या बसमध्ये चढली आणि रिकाम्या जागेवर बसली. पुढच्या थांब्यावर एक मावशी चढल्या. 'तरुण पोरगी बसलीय आणि मी उभी!' असे त्या सर्वांना ऐकू जाईल असे म्हणतात. मुलगी उठते, दांडा पकडते. मनगट सुजलेले असते, ते कोणाला दिसत नाही. पांढरे केस दिसतात, कुबडी दिसते. दाह दिसत नाही. यात मावशींचा दोष नाही, त्यांना कळणार तरी कसे? म्हणून एक साधे वाक्य आधीच तयार ठेवावे: 'मावशी, मला संधिवात आहे, गुडघे सुजलेत, उभे राहवत नाही.' आवाज चढवायचा नाही आणि लाजायचेही नाही. बहुतेक वेळा मावशीच मग दोन घरगुती उपाय सांगतात, त्याला इलाज नाही! हैदराबादला जाणाऱ्यांना हे वाक्य हिंदीतही ठाऊक असावे. आपल्या शहरात तेलुगू बोलणाऱ्या मैत्रिणी काही कमी नाहीत, त्यांच्याकडून तेही शिकून घ्यावे.

कायद्याने काय मिळते? २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता मान्य झाली. संधिवात त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. परंतु संधिवातामुळे हालचालींवर कायमची मर्यादा आली असेल, तर चलनविषयक दिव्यांगता म्हणून तिचे मोजमाप होऊ शकते. त्यासाठी केंद्राच्या संकेतस्थळावर अर्ज करून शासकीय रुग्णालयात तपासणी करून घ्यावी लागते. प्रमाण ४० टक्के वा अधिक असल्यास साध्या एसटी गाड्यांत भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते. रेल्वेची अट अधिक कडक आहे. सोबतीशिवाय प्रवास करूच न शकणाऱ्या अस्थिव्यंग व्यक्तीला स्लीपर आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीत ७५ टक्के सवलत आहे व सोबत्यालाही तीच मिळते. ज्यांचा आजार आज उग्र, उद्या सौम्य अशा रीतीने हेलकावे खातो, ते मात्र या कोणत्याच चौकटीत बसत नाहीत. आपल्या व्यवस्थेतील ही उणीव आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. निदान खालच्या बर्थपुरता तरी तज्ज्ञ डॉक्टरांचा दाखला ग्राह्य धरायला काय हरकत असावी?

प्रवासाला शरीराची साथ नसेल तर प्रवासाचीच रीत बदलता येते, याचे एक मोठे उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. बाबा आमटे यांचा मणक्याचा विकार वेगळा, झिजेचा होता आणि ते तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते. त्यांना बसता येत नसे. एक तर उभे राहायचे, नाहीतर आडवे पडायचे. त्या अवस्थेत डिसेंबर १९८५ मध्ये ते तरुणांसह कन्याकुमारीहून 'भारत जोडो' यात्रेला निघाले. तरुण सायकलींवर होते, बाबा गाडीत आडवे पडून. बसता येत नाही म्हणजे जाता येत नाही, असे त्यांनी मानले नाही. गाडीतच आडवे होण्याची सोय करून घेतली. आपल्याकडे आषाढीला संपूर्ण वारी न झेपणारी तरुण मुले वाखरीपासून पंढरपूरपर्यंतचा शेवटचा टप्पा चालतात, तेही याच जातीचे शहाणपण. पायांत चांगले जाड तळव्यांचे बूट असले म्हणजे झाले.

परतीची गाडी

पुण्यातल्या तज्ज्ञांची वेळ घेताना ती शक्यतो बारानंतरची मागावी. गाडी साडेदहा-अकराच्या सुमारास पोहोचते. उतरल्यावर पुढे पुण्याच्या रहदारीत तासभर जातो. शिवाय स्थानकाच्या जिन्यावर गर्दीबरोबर धावण्यापेक्षा फलाट ओसरू द्यावा, उद्वाहक वा उताराचा रस्ता शोधावा. डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी गाडीतच लिहून काढाव्यात. सकाळचा ताठरपणा किती मिनिटे टिकतो, ही त्यांतील पहिली, कारण औषध लागू पडते की नाही हे पुष्कळदा त्याच आकड्यावरून कळते. मोबाईलवर सकाळी सुजलेल्या बोटांचे छायाचित्र काढून ठेवलेले असेल तर फारच उत्तम. दुपारी तपासताना ती सूज ओसरलेली असते आणि 'सकाळी खूप होती हो' हे शब्दांत पटवून देणे अवघड जाते.

हुतात्मा एक्स्प्रेस संध्याकाळी सहाच्या सुमारास पुण्याहून परत निघते. या वेळी सांधे सैल असतात, सकाळच्या मानाने अंग हलके वाटते आणि नेमकी इथेच चूक होते. आता बरे वाटते म्हणून चार तास खिडकीला टेकून झोप काढली, तर रात्री दहाला सोलापूरच्या फलाटावर उतरताना पाय उचलत नाही. दौंड, कुर्डुवाडीच्या फेऱ्या परतीलाही चुकवू नयेत. घरी आल्यावर गरम पाण्याने हातपाय शेकावेत, ठरलेली गोळी जेवणानंतर घ्यावी. दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा, मुलाखत, लग्नकार्य यांपैकी काहीही ठेवू नये. तो दिवस तिकीट काढतानाच दिनदर्शिकेत रिकामा सोडलेला असावा.